पुकारायचे राहिलेले बक्षीस

कोरसची जागा आली तशी कोंडाबाईंनी सवयीने तोंड उघडले, आणि त्यांची ओळ भलत्याच बायकांनी उचलली.

ओसरीतल्या दिवाणावर प्रबुद्धने मुठीएवढा स्पीकर ठेवला होता. त्यातून शाहीर हनुमंत येडगावकरांचा, म्हणजे गेल्या पावसाळ्यात निवर्तलेल्या त्यांच्या नवऱ्याचा, आवाज येत होता. आवाज शाहिरांचाच होता, याविषयी वाद नव्हता. परंतु त्यांच्या पाठीशी गाणाऱ्या या गुळगुळीत गळ्याच्या बायका कोण, हे कोंडाबाईंना उमगेना. लग्नानंतरच्या पहिल्या भीमजयंतीपासून ती ओळ त्यांची होती. त्यांनी तोंड मिटले, पदर सारखा केला आणि त्या ऐकत राहिल्या. शेवटचे कडवे सुरू झाले तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. हे कडवे शाहीर कधी गायलेच नव्हते.

“ह्ये कवा गायले रं ते?” त्यांनी मुलाला विचारले.

प्रबुद्ध चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर होता. सुट्टी काढून, मोठ्या हौसेने तो हे गाणे आईला ऐकवायला येडगावला आला होता. त्याने थोडे अडखळत सांगितले की आबांच्या आवाजाचा नमुना घेऊन राहिलेला भाग कॉम्प्युटरने तयार केला आहे, कोरस पुण्याच्या मुलींचा आहे आणि सगळे ऐकून गाणी काढणारी पुण्याची कंपनी बेहद्द खूश आहे.

“म्हंजी मेल्यावर गायले,” कोंडाबाई म्हणाल्या. “जिते असताना दम लागायचा. आता श्वास सुदिक घेत न्हाईत.”

प्रबुद्ध हसला नाही. त्याला जे वाटले होते ते असे, की आईच्या डोळ्यांत पाणी येईल, ती स्पीकरवरून हात फिरवील, आणि आपण वडिलांसाठी काहीतरी केले याचे समाधान आपल्याला मिळेल. कोंडाबाईंनी स्पीकर उचलला, तो बंद कसा करायचा ते न कळल्यामुळे उशीखाली दाबला, आणि म्हणाल्या, “शाहीर जे बोलले व्हते ते कुठं गेलं?”

या प्रश्नाचे मूळ कळायला गायन पार्टीची रीत ठाऊक हवी. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर भीमगीतांच्या पार्ट्या गातात तेव्हा गाणे ऐन रंगात असताना कुणी उठून मंचावर बक्षीस आणून देतो. शाहिराने गाणे तिथल्या तिथे थांबवायचे आणि देणाऱ्याचे नाव, गाव व दिलेली वस्तू माइकवर पुकारायची. नाव पुकारले गेले की देणाऱ्याने आपल्या जागी उभे राहून हात जोडायचे. तो हजर नसेल तर त्याच्या घरातल्या कुणीतरी. आणि हा सोहळा चालेतो कोरसने गाण्याचे ध्रुपद खालच्या पट्टीत धरून ठेवायचे, जमिनीला टेकू द्यायचे नाही. कोंडाबाईंनी आयुष्यभर हे ध्रुपद धरण्याचेच काम केले होते. हे काम श्रोत्याला ऐकू येत नाही. सुटले तरच ऐकू येते.

शाहिरांनी स्टुडिओची पायरी कधी चढायची नाही असा जणू नेमच केला होता. कॅसेटच्या जमान्यात चांगली चांगली आमंत्रणे त्यांनी परतवली. समोर माणूस नाही तिथे गायचे म्हणजे भिंतीला जेवू घालण्यासारखे आहे, असे ते म्हणत. आणि मग, म्हातारपणी, छातीत घरघर सुरू झाल्यावर, एके सकाळी ते आपण होऊन कोंडाबाईंना म्हणाले होते, चल, नारायणगावला जाऊ, रेकॉर्डिंग करू. मोहित नावाच्या पोराचा तिथे स्टुडिओ होता. काचेच्या खोलीत शाहिरांचा सूर लागेना, तेव्हा त्यांनी कोंडाबाईंना आत बोलावून समोर बसवले, आणि ढोलकवाल्या सावळेरामलाही. मोहितने नाइलाजाने आणखी दोन माइक लावले. सात गाणी धरली. सातांपैकी एकही पुरे झाले नाही. प्रत्येक गाण्यात दोन-तीन कडव्यांनंतर शाहीर थांबत, बक्षीस पुकारत, आणि मग दम लागून उठून जात. वाद्ये नंतर भरू, शेवटची कडवी पुढच्या खेपेला घेऊ, असे ठरले होते. पुढची खेप आली नाही.

“बक्षिसं पुकारली होती, ती काढली,” प्रबुद्ध म्हणाला. “आई, स्टुडिओत बक्षीस द्यायला होतं कोण? आबांना स्टेजची सवय. मोहित म्हणाला, तेवढं कापून दोन तुकडे जोडले की गाणं अखंड होतं.”

“मला सगळं ऐकायचंय. जसं बोलले तसं.”

“ऐकवतो की. पण कंपनीला या आठवड्यात कळवायचंय. हक्कांच्या कागदावर तुझी सही लागते.”

“मंग आधी ऐकव.”

दुसऱ्या दिवशी मायलेक मोटारसायकलवरून नारायणगावला गेले. मोहितने काकूंसाठी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आणि कापण्यापूर्वीचे मूळ रेकॉर्डिंग लावले. पहिल्या गाण्यात शाहीर मध्येच थांबले. ढोलक हळू झाला. मग तो आवाज आला, गाण्याचा नव्हे, पुकारण्याचा: पारगावच्या कारखान्यावर तोडीला आलेल्या रत्नाबाई यांच्याकडून गायन पार्टीला उसाची एक मोळी, पार्टी त्यांची आभारी आहे. दुसऱ्या गाण्यात भीमाशंकरच्या वाटेवरचे बेल-नारळवाले भिमाजी यांच्याकडून एका पावसाळी मुक्कामाला आसरा आणि तांदळाचा भात. तिसऱ्यात सुभाष गुरुजींकडून तालमीसाठी शाळेच्या खोलीची किल्ली.

मोहित सौजन्याने म्हणाला की काकू, भावना समजते, परंतु ऐकणारा माणूस गाणे ऐकायला येतो. मध्येच उसाची मोळी आली की तो पुढचे गाणे लावतो. त्याचे म्हणणे त्याच्या धंद्यापुरते चुकीचे नव्हते. कोंडाबाईंनी त्याला फक्त एवढेच विचारले की या माणसांपैकी कुणाचे नाव त्याने कधी कुठल्या कार्यक्रमात ऐकले होते काय. अर्थातच नव्हते. कुणीच ऐकले नव्हते. रत्नाबाईला मुकादमाची दहशत होती. भिमाजींनी पार्टीच्या माणसांना घरात घेतले हे कळते तर त्यांच्या दुकानावर गिऱ्हाईक चढले नसते. गुरुजींवर शाळेच्या कमिटीचा डोळा होता. ज्यांनी ज्यांनी चोरून दिले, आणि आमचे नाव घेऊ नका म्हणून हात जोडले, त्यांची बक्षिसे शाहिरांनी घेतली आणि पुकारली नाहीत. ती आता त्यांनी पुकारली होती. सवय म्हणून नव्हे. त्यासाठीच ते काचेच्या खोलीत जाऊन बसले होते.

प्रबुद्ध खाली पाहत होता. सातवे गाणे लावण्यापूर्वी मोहितने त्याच्याकडे एकदा पाहिले, तेव्हा कोंडाबाईंना संशय आला.

सातव्या गाण्याचे ध्रुपद होते, ‘ओंजळीत उचललं तळं, गड्या आता वाकणं नाही.’ दोन कडवी झाली. शाहीर थांबले. श्वास घेतला, मोठा, घरघरता. आणि म्हणाले: “उंबरवाडीच्या भागूबाई यांच्याकडून गायन पार्टीला एक गॅसबत्ती. पेटवलेली. पार्टी त्यांची आभारी आहे.” मग खोकला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही.

कोंडाबाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. आत्ता त्यांना उलगडले की नेम मोडून शाहीर त्या सकाळी असे तडकाफडकी का उठले. त्याच्या आदल्याच आठवड्यात उंबरवाडीहून भागूबाई वारल्याची बातमी आली होती.

“ह्ये बी काढलंस?” त्यांनी मोहितला विचारले.

“हे आधी काढलं, काकू,” मोहित म्हणाला, आणि त्याने प्रबुद्धकडे पाहिले.

मग प्रबुद्धला बोलावे लागले. कंपनीला ही गाणी घ्यायला लावली ती रामदासशेठनी. उंबरवाडीचे रामदास, पतसंस्थेचे चेअरमन, यंदा जिल्हा परिषदेला उभे राहणार असे ज्यांच्याविषयी बोलले जात होते ते. नारायणगावचा हॉल, शाहिरांचा मोठा फोटो, गाण्यांचे प्रकाशन, सगळे ते करणार होते. त्यांना मूळ रेकॉर्डिंग ऐकवले होते. ऐकून झाल्यावर ते एवढेच म्हणाले की सातव्या गाण्यातला तेवढा भाग नको. भागूबाई त्यांची आई.

*

प्रबुद्ध रांगता होता त्या सालची ही गोष्ट. उंबरवाडीत जयंतीचा कार्यक्रम ठरला होता. वाडीवर रामदासांच्या वडिलांचा, अण्णांचा, शब्द चाले. आमच्या वाडीत ही गाणी होणार नाहीत, असे काही ते बोलले नाहीत. शहाणी माणसे असे बोलत नसतात. त्यांनी विजेच्या डीपीवरचा फ्यूज काढून आणवला आणि खिशात घातला. पार्टी अंधारात बसून राहिली. माणसे उठू लागली. कोंडाबाई पोराला पाजायला मंचामागे गेल्या होत्या, तेव्हा गोठ्याच्या अंगाने एक बाई आली. तिच्या हातात गॅसबत्ती होती आणि ती तिने पदराआड धरली होती, त्यामुळे सगळा पदर आतून पेटल्यासारखा दिसत होता. वैरण बघायला जाते असे घरी सांगून ती उठली होती. “मी हाय तवर माझं नाव पुकारू नगा,” ती म्हणाली. “मेल्यावर खुशाल पुकारा. मंग मला कोण काय करतंय.”

त्या बत्तीवर कार्यक्रम झाला. ही कुणाची, असे लोकांनी विचारले तेव्हा शाहीर म्हणाले की बक्षीस आहे, नाव पुकारायचे राहिले आहे. कोंडाबाईंनी दुसऱ्या दिवशी बत्ती वैरणीच्या भाऱ्यात घालून परत पोचवली. पुढे अण्णा वारले, वाडीच्या तोंडाशी त्यांच्या नावाची सिमेंटची कमान उभी राहिली, रामदास मोठे झाले, आणि दर जयंतीला हार घेऊन विहारात येऊ लागले. माणूस वाईट नव्हता. फ्यूज बापाने काढवला होता, त्याने नव्हे. परंतु कमानीखालून मात्र तो रोज जात-येत होता.

*

सही होत नाही असे कळल्यावर रामदास स्वतःच येडगावला आले. गाडी लांब उभी केली, बरोबर कुणाला आणले नाही, दारात चपला काढल्या, आणि ‘जय भीम, मावशी’ म्हणून दिवाणावर बसले. कोंडाबाईंनी चहा ठेवला. प्रबुद्ध दाराला टेकून उभा राहिला.

रामदासांनी प्रथम शाहिरांची आठवण काढली, आणि ती खोटी नव्हती. मग धरणाच्या पाण्याची, मग टोमॅटोच्या बाजाराची विचारपूस झाली. मग ते मुद्द्यावर आले. त्यांचे म्हणणे नीट बांधलेले होते. आई साधी बाई होती. आयुष्यात तिने कधी चारचौघांत आवाज काढला नाही. आता ती नाही, वडील नाहीत; घरातली झाकली मूठ भोंग्यावर कशाला उघडायची? लोक बत्ती लक्षात ठेवणार नाहीत, फ्यूज लक्षात ठेवतील. आणि तेही ठीक. पण निवडणुकीच्या तोंडावर याचे काय केले जाईल हे मावशींना ठाऊक नाही, त्यांना ठाऊक आहे.

“मी बत्ती काढा म्हणत नाही,” ते शेवटी म्हणाले. “बत्ती राहू द्या. नुसतं नाव बदला. ‘एका माउलीकडून’ म्हणा. ऐकायलाही बरं वाटतं.”

प्रबुद्धला ही तडजोड पटली. ती इतकी गोड होती की न पटणे अवघड होते. आणि बदललेले दोन शब्द बोलायला कॉम्प्युटर तयारच होता. त्याने आशेने आईकडे पाहिले.

कोंडाबाईंनी कप खाली ठेवला. “माउली म्हनून कुनी उठत न्हाई, रामदासभाऊ. नाव पुकारलं तरच मानूस उठतं.”

“पण माझी परवानगी?”

“बाकीच्यांच्या घरी प्रबुद्धाला धाडून इचारनार हाय. रत्नाबाईच्या, गुर्जींच्या. त्यास्नी इचारायचं राहिलं व्हतं. तुमच्या आईचं राहिलं न्हाई. तिनं मला तोंडानं सांगितलं, मेल्यावर पुकारा. आता तिनं दिल्याली परवानगी तुमच्याकडं मागू व्हय?”

“ती काय रागाच्या भरात बोलली असेल, मावशी.”

“आसंल. बत्ती बी रागाच्या भरातच आनली आसंल. आमी काय त्या राती नाकारली न्हाई.” त्या थांबल्या, आणि मग आवाज न चढवता म्हणाल्या, “कमानीवर तुमच्या वडलांचं नाव हाय. संस्थेच्या पाटीवर तुमचं हाय. तिचं कुठं हाय, तेवढं दावा. मी सही करते.”

रामदासांनी मनातल्या मनात कागद चाळले. आईचे नाव रेशनकार्डावर होते, मतदारयादीत होते; या दोन्हींतून ते आता वगळले गेले होते. राग त्यांना आला तो या क्षणी. त्यांनी शांतपणे सांगितले की मग हॉलचे विसरा, कंपनीचेही विसरा. यापुढे या गाण्यांशी आपला काही संबंध नाही.

“संबंध तर हायच,” कोंडाबाई म्हणाल्या. “त्योच तर शाहिरांनी पुकारलाय. जयंतीला या की. दरसाल येता तसं. पुढच्या खुर्चीवर बसा.”

“कुठे लावणार आहात?”

“उंबरवाडीत. दुसरीकडं कुठं?”

“मी घाबरून घरी बसेन असं वाटतं का मावशींना?”

“तसं वाटलं आसतं तर बोलावलं नसतं.”

ते गेल्यावर प्रबुद्ध इतका चिडला की त्याच्या तोंडून धड वाक्य येईना. आयुष्यभर आबा वाड्यावस्त्यांवर गात फिरले, कुणी दखल घेतली नाही. आता कुठे चार दारे उघडत होती ती आईने एका बत्तीपायी लावून टाकली. अर्धवट, खोकल्याने तुटलेली, बक्षिसांनी भरलेली गाणी कोण ऐकणार आहे?

“आधी ज्यांची नावं हायेत ती ऐकतील,” कोंडाबाई म्हणाल्या, आणि कप विसळायला गेल्या.

त्या संध्याकाळी प्रबुद्ध परसात लिंबाखाली बसून होता. कानात वायरी घालून त्याने मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले; कशासाठी, ते त्यालाही सांगता आले नसते. बहुधा आपलेच खरे होते हे पटवून घ्यायला. चुलीपुढे बसलेल्या कोंडाबाईंना तो आत येताना दिसला. त्याचा चेहरा निराळा होता.

“आई, आबा नावं पुकारतायत तेव्हा खाली कुणीतरी गातंय.”

“मग? मीच की.”

“मोहितने तुझा माइक जवळजवळ बंद करून टाकलाय. पण आहे. सगळ्या नावांच्या खाली आहे. ते सातवं... आबा उठून गेले, खुर्ची वाजली, त्यानंतरसुद्धा तू गातेस. मोहितने मशीन बंद करीपर्यंत.”

कोंडाबाईंनी भाकरी उलटली. “सोडून दिलं आसतं तर शाहीर परत आल्यावर त्यास्नी गानं कुठं सापडलं आसतं?”

प्रबुद्ध तिथेच पाटावर बसला. जेवण झाल्यावर त्याने मोहितला फोन लावला आणि सांगितले की पुण्याच्या मुली नकोत, कॉम्प्युटरचे कडवे नको, काही जोडायचे नाही, काही कापायचे नाही. फक्त आईचा माइक वर आण. मोहितने पलीकडून बरीच हुज्जत घातली. असे कुणी काढते का, असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. प्रबुद्ध म्हणाला, आपण काढतो आहोत.

*

जयंतीला उंबरवाडीच्या विहारापुढे मांडव पडला होता. मिरवणूक दुपारी टेकली, पंचशील झाले, माणसे गार पाणी पिऊन सावलीला बसली. रामदास आले. पांढरेशुभ्र कपडे, दोन कार्यकर्ते, हातात हार. प्रतिमेला हार घालून ते पुढच्या खुर्चीवर बसले, पायावर पाय टाकून, ज्याला काही लपवायचे नाही अशा माणसासारखे. कोंडाबाई मंचावर सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारी सावळेराम ढोलकाची दोरी ताणत होता.

“वहिनी,” तो पुटपुटला, “शाहीर पेटीत, आपुन बाहेर. साथ चुकली तर आरडतील का ओ?”

“आरडतील. आत दोन ठिकानी तुमच्यावरच आरडलेत. तेबी कापलं न्हाई.”

“म्हंजी मेल्यावर बी अब्रू घेनार,” सावळेराम म्हणाला आणि समाधानाने मान हलवली.

मोहितने गाणी लावली. वरून भरलेली वाद्ये नव्हती, सजावट नव्हती. शाहिरांचा पिकलेला, जागोजागी फाटलेला आवाज भोंग्यांतून निघाला आणि समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. पहिले गाणे थांबले, रत्नाबाईचे नाव पुकारले गेले. खाली कोंडाबाईंचा, स्टुडिओतला, आवाज ध्रुपद धरून होता. मांडवाच्या मागच्या अंगाला एक तरणी बाई बिचकत उभी राहिली. रत्नाबाईची नात होती ती. प्रबुद्धने शोधून, विचारून आणली होती. तिने हात जोडले. क्षणभर कुणाला काय करावे कळेना, मग टाळ्या पडल्या. त्यानंतर रीत सगळ्यांना आठवली. भिमाजींचा पुतण्या उभा राहिला. सुभाष गुरुजी स्वतःच उभे राहिले; काठी टेकत, कमिटीला आता जे करायचे ते करू दे अशा चेहऱ्याने. गाणी तुटत होती आणि लोक तुटलेल्या जागांचीच वाट पाहू लागले होते.

सातवे गाणे लागले. दोन कडवी झाली. शाहिरांनी तो मोठा श्वास घेतला.

“उंबरवाडीच्या भागूबाई यांच्याकडून गायन पार्टीला एक गॅसबत्ती. पेटवलेली. पार्टी त्यांची आभारी आहे.”

जुन्या माणसांना तो अंधार आठवत होता, ती बत्तीही आठवत होती. कुणाची, ते आत्ता कळले. खोकला झाला. खुर्ची सरकली. भोंग्यात कोंडाबाईंचा आवाज एकटाच राहिला, ‘गड्या आता वाकणं नाही’, पुन्हा, पुन्हा. आणि रेकॉर्डिंग संपले.

तेव्हा कोंडाबाईंनी समोरचा माइक ओढला आणि ते ध्रुपद तिथूनच, त्याच खालच्या पट्टीत उचलले. सावळेरामने बोटांनी नुसता ठेका धरला. नाव पुकारले गेले होते. माणूस उठेपर्यंत ध्रुपद खाली ठेवायचे नव्हते. त्यांनी रामदासांकडे पाहिले आणि नजर काढून घेतली नाही. लोकही रामदासांकडेच पाहू लागले. कोंडाबाई गात होत्या. गळा कोरडा पडत होता, वय झाले होते, तरी घाई नव्हती. त्या रात्रभरही धरू शकल्या असत्या, आणि हे रामदासांनाही कळत होते.

रामदासांनी पायावरचा पाय काढला. कार्यकर्त्याच्या कानात काही सांगितले. बहुधा गाडी आणायला. मग संतापाने ओठ आवळून ते निघून जाण्यासाठी ताडकन उठले.

मागून कुणा म्हातारीने टाळी वाजवली. नाव पुकारल्यावर जो उठतो तो घरचा. उंबरवाडीला एवढेच ठाऊक होते. सगळा मांडव टाळ्यांनी कडाडला. ‘भागूबाईचा ल्योक’ असे कुणीतरी म्हणाले, आणि ते मांडवभर गेले. आजवर त्या वाडीत त्यांना अण्णांचा मुलगा म्हणत आले होते. रामदास वळले, पाहिले, पुन्हा वळले. समोर टाळ्या वाजल्या की हात जोडायचे, ही त्यांची उभ्या आयुष्याची सवय. हात त्यांना न विचारता जोडले गेले. ते तसेच उभे राहिले. चेहऱ्यावरचा राग जायला मात्र बराच वेळ लागला, आणि सगळा गेला असेही म्हणता येत नाही.

कोंडाबाईंनी तेव्हा ध्रुपद वरच्या पट्टीत नेले आणि मांडवाने ते त्यांच्या तोंडून घेतले. शेवटचे कडवे कुणी गायले नाही. ते नव्हतेच. प्रबुद्धने त्याच दुपारी, तिथूनच, सातही गाणी होती तशी मोबाइलवरून जगापुढे टाकली.

माणसे पांगू लागली तेव्हा रामदास मंचापाशी आले. कार्यकर्ते लांब उभे होते. त्यांनी आवाज खाली आणला.

“मावशी, तुम्हाला ठाऊक आहे. मी जायला उठलो होतो.”

“ठावं हाय,” कोंडाबाई पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाल्या. “तुमची आई बी त्या राती वैरन बघायलाच उठली व्हती.”